तुमच्या घरी किती साप आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एकही नाही. साप पकडायला जातो म्हटल्यावर पलंगाखाली दोन-चार बरण्या असणारच, असा लोकांचा पक्का समज. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा सोफ्यावर टेकण्याआधी उशी उचलून बघतो. बायको त्याला चहा देते आणि सांगते, ‘‘घाबरू नका, या घरात पाल हाकलायलाही मीच लागते.’’

कायद्याचं उत्तर एका ओळीचं. नाग, घोणस, धामण, दिवड हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; पकडलेला साप वनखात्याला कळवून सोडायचा, ठेवायचा नाही. काही जण आफ्रिकेतला बॉल पायथन हा छोटा अजगर रीतसर नोंदणी करून पाळतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. रंगासाठी चाललेल्या पैदाशीशी मात्र आहे. ‘स्पायडर’ नक्षीचा बॉल पायथन दिसतो देखणा, पण त्या नक्षीबरोबर मान डुगडुगण्याचा दोषही पिढीजात येतो. हे ठाऊक असूनही लोक जोड्या लावतात!

पाळण्याच्या जवळपास गेलो तो अंड्यांमुळे. पाया खणताना दिवडाची अंडी उघड्यावर आली होती. वनखात्याला विचारून ओलसर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) डब्यात ठेवली. कोंबडी अंडी उलटसुलट करते, तसं सापाच्या अंड्यांचं करायचं नसतं. आतला जीव वरच्या अंगाला धरलेला असतो, अंडं उलटलं तर मरू शकतो. म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केली आणि ती बाजू वरच ठेवली. पिल्लांनी कवच चिरून नाकं बाहेर काढली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली, बाहेर पडायची कुणालाच घाई नव्हती. पुढे सगळी पाण्याकाठी सोडली.

मला खरी ओढ आहे ती ओळखण्याची. पावसाळा लागला की फोनवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे फोटो येतात, ‘मण्यार ना?’ पुष्कळदा तो निघतो कवड्या, पालींच्या मागे भिंती चढणारा, बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: डोक्यामागे थोडं अंग कोरं, मग बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक. पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची सरळ ओळ असते, ती कवड्याला नसते. नुसत्या पट्ट्यांवर भिस्त ठेवू नका, एखाद्या मोठ्या मण्यारीला ते जवळजवळ नसतातच.

जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर जागेवर फारसं दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. अशा वेळी मला फोटो पाठवत बसू नका, आधी १०८ला फोन लावा.