पाकिटाची मागची बाजू आणि भिजत घातलेला राजमा

परदेशातल्या सुपरमार्केटात नव्या माणसाची पहिली फसगत पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच होते. 'नैसर्गिक', 'लो फॅट', 'मल्टिग्रेन' हे सगळं ठसठशीत छापलेलं असतं. ते सोडा, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, त्यामुळे पहिल्या तीन नावांतच बरंचसं कळतं. पीनट बटरमध्ये शेंगदाणे आणि फार तर मीठ, बाकी काही नको. त्यात वर तेल तरंगलं तर माल खराब नाही. तळापासून ढवळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. एक युक्ती मात्र ओळखून ठेवा: साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशा वेगवेगळ्या नावांनी साखर विभागली, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं.

पाकिटावरचे पोषणाचे आकडे वाचताना देश बघावा लागतो. युरोपात ते 100 ग्रॅममागे द्यावेच लागतात, अमेरिकेत एका सर्व्हिंगमागे (एका वेळी खायच्या प्रमाणामागे), आणि हे सर्व्हिंग बरेचदा आपल्या वाटीपेक्षा लहान असतं. युरोपात 'मीठ' लिहितात, अमेरिकेत 'सोडियम'. सोडियमला 2.5 ने गुणलं की मीठ मिळतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. वरून घातलेली साखर अमेरिकेत वेगळी दाखवतात, युरोपात नाही. तिथे फळांच्या दह्याशेजारी साध्या दह्याचा डबा धरा. साध्यात 100 ग्रॅममागे 4-5 ग्रॅम साखर दुधाचीच असते; त्याच्या वरची बहुतेक घातलेली, थोडीशी फळाची.

घरी करायला सुरुवात कडधान्यापासून करावी, कारण कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. 250 ग्रॅम कोरडा राजमा शिजून साधारण 600 ग्रॅम होतो, म्हणजे विकतच्या शिजवलेल्या राजम्याचे जवळजवळ अडीच डबे. एक लिटर पाण्यात दीड चमचा मीठ घालून रात्रभर भिजवा. मिठाने दाणा कडक होतो हा गैरसमज आहे. उलट साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्या, नवं घ्या, आणि किमान 10 मिनिटं खळाखळा उकळा. अर्धा तास उकळलात तर आणखी निर्धास्त. ही पायरी कधीही गाळू नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन कडक उकळीनेच निकामी होतं, नाहीतर उलट्या-जुलाब ठरलेले. स्लो कुकरला तेवढं तापमान बऱ्याचदा गाठता येत नाही, म्हणून त्यात कच्चा राजमा थेट टाकू नये.

मग मंद आचेवर 45 ते 90 मिनिटं. चमच्यात दोन-तीन दाणे घेऊन फुंकर मारा: साल सुटून कुरळी झाली की होत आलंय. तरी पाच दाणे बोटांत चिरडून बघा, एकावर विसंबू नका. दाणे कडकच राहिले तर माल जुना असतो, पाणी जड (क्षारयुक्त) असतं किंवा टोमॅटो लवकर पडलेला असतो. किटलीत पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे; चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. आंबट काहीही दाणा मऊ झाल्यावरच.

पसरट भांड्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतो. उरलेला 240-240 ग्रॅमच्या पिशव्यांत थोड्या शिजल्या पाण्यासकट भरा, पिशवी चपटी दाबा आणि फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. एक पिशवी म्हणजे एक डबा, आणि चपटी असल्याने तिच्यातला बर्फ पटकन वितळतो.