तुम्ही विचारलंत म्हणून: ‘देवावर सोडलं’ आणि ‘स्वाधीन केलं’

“काकू, तुम्ही एक रविवार चर्च चुकवत नाही, पहाटे उठून प्रार्थनेला बसता. एवढा विश्वास असून देवानं काकांना का नेलं?”

कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत हे मला कितीजणींनी विचारलं असेल. कुणी डोळ्यांत पाणी आणून, कुणी खरंच समजून घ्यायचं म्हणून. ह्यांच्या आजारपणात आणखी एक प्रश्न यायचा: “देवावर सोडलंय म्हणता, मग गोळ्या-इंजेक्शनं कशाला?” हे दोन्ही प्रश्न मला एकाच मुळाचे वाटतात. दारात उभ्याउभ्या त्यांचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

मी चौतीस वर्षं नर्स होते. “आता देवावर सोडलंय, सिस्टर,” हे वाक्य मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर शेकडो वेळा ऐकलं. त्यात भक्ती असते, मी नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त दमणूक असते. डॉक्टर झाले, पैसे झाले, धावपळ झाली. आता उरला तो देव. आमच्या उपासनेत शब्द वेगळा आहे: स्वाधीन. “प्रभू, मी स्वतःला तुझ्या स्वाधीन करते.” लहानपणापासून म्हणत आले, पण त्याचा अर्थ मला देवळात नाही, ड्यूटीवर कळला.

पाळी संपली की नर्सला चार्ज द्यावा लागतो. प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं: सलाइन कितीवर आलंय, ताप किती वाजता पाहिला, रात्री कोण घाबरतं. सांगून झालं की तिच्यावर भरवसा ठेवून घरी जायचं आणि झोपायचं. न सांगता निघून गेलं तर ते वॉर्ड सोडून जाणं झालं. आणि चार्ज देऊनही तिथंच घुटमळत राहिलं, तर तो दिलाच नाही असं झालं. माझ्या मते शरण जाणं हे या दोन्हींच्या मधलं आहे, आणि ते अवघड आहे. मी कितीदा तरी पहाटे देवाला चार्ज दिला आणि सात वाजता परत मागून घेतला.

मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’. मला या क्रियापदाचा फार आधार वाटतो. बायबलात पौल प्रेषित कैदेत असताना आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की, ज्याच्यावर मी विश्वास ठेवला त्याला मी ओळखतो, आणि माझी ठेव राखायला तो समर्थ आहे अशी माझी खातरी आहे. ठेव! आपण ठेव कुठं ठेवतो? ओळखीच्या, खात्रीच्या हाती. ‘माझं सगळं चांगलं होईल याची मला खातरी आहे’ असं पौल म्हणत नाही. तो म्हणतो, मी त्याला ओळखतो. खरा विश्वास म्हणजे काय, याचं माझं उत्तर या एका शब्दावर उभं आहे. काय घडेल यावर नाही, कोणाच्या हाती आहोत यावर विश्वास.

ओळख आपोआप होत नाही. पंडिता रमाबाईंसारखी विदुषी, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेली. त्यांनीच पुढं लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. रमाबाईंची ही गत, तर आमच्यासारख्यांचं काय? चर्चच्या वहीत नाव असणं, पाठांतर असणं, घरात क्रूस टांगलेला असणं म्हणजे ओळख नव्हे. माझी तर कितीतरी वर्षं नुसत्या पाठांतरावर गेली.

आता औषधांचं. ह्यांना तिशीपासून मधुमेह. उद्यमनगरात फौंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायचं काम, हात सोन्यासारखे, पण जेवणाखाण्याची वेळ कधी पाळली नाही. एका वर्षी बाहेरगावचे एक उपदेशक प्रार्थनासभेला आले. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “तुम्ही बरे झालात. आता इन्सुलिन घ्याल तर तो अविश्वास ठरेल.” ह्यांनी सुया कपाटात टाकल्या. मी नर्स, सगळं समजत असून चार दिवस गप्प बसले. का? कारण माझाच विश्वास कमी पडतोय की काय, ही भीती मला पडली होती. पाचव्या दिवशी उलट्या, धाप, ग्लानी. रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या वर गेली होती. वाचले. उपदेशकांना कळवलं तर निरोप आला, “विश्वासात कुठंतरी खोट राहिली.” आजारी माणसाच्या उशाशी बसून असं बोलणं हे पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

नंतर मी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुन्हा वाचला. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलेलंच आहे. लिहिलेलं आहे हे खरं, एक्क्याण्णवाव्या स्तोत्रात आहे. तरी येशू उडी मारत नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नको, एवढंच उत्तर देतो. सुया कपाटात टाकणं ही आमची उडी होती. आम्ही तिला विश्वास म्हणत होतो.

खरं तर हे मला माझ्या शिक्षणातच मिळालं होतं. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली उभ्या केलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात मी शिकले. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची. पण प्रार्थना झाली म्हणून हात धुण्यातलं अर्धं मिनिट कुणी कमी केलेलं मी पाहिलं नाही. नखं, बोटं, कोपरापर्यंत, सगळं तसंच. आमच्या थोरल्या सिस्टर म्हणायच्या, हे हात धुणंसुद्धा प्रार्थनाच आहे. ऐन वेळी हे मी विसरले.

पुढं ह्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि त्यातच २०१९ च्या ऑगस्टचा पंचगंगेचा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या पुढं गेलं. शिरोलीपाशी हायवे बुडालेला, आमच्या गल्लीत कमरेच्या वर पाणी, आम्ही वरच्या मजल्यावर. ह्यांची एक पाळी चुकली, मग दुसरी. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी आणि पोटॅशियम साचतं आणि हृदयावर येतं, हे मला नको तितकं ठाऊक होतं. शेजारच्यांनी मायेनं केळी पाठवली, पण केळ्यांत पोटॅशियम जास्त, म्हणून ती मी परत केली. स्टीलच्या एका लहान वाटीनं ह्यांना पाणी मोजून देत होते, दिवसाला किती वाट्या ते भिंतीवर पेन्सिलीनं लिहीत होते. चहासुद्धा त्यातच धरायचा. वाटी भरताना प्रार्थना, रेघ मारताना प्रार्थना. बोट आली तेव्हा हे जिन्यावर शांत बसलेले. मला म्हणाले, “आपली वाटी आपण मोजली. नदी त्याची आहे.” सगळ्या आयुष्यात शरण जाण्याचा यापेक्षा सोपा अर्थ मला कुणी सांगितला नाही.

त्या वेळी पोचलो. दीड वर्षानं मात्र पोचलो नाही.

म्हणजे मूळ प्रश्न उरलाच: मग देवानं का नेलं? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. जी कुणी तुम्हाला लगेच कारण सांगेल तिच्यापासून सावध राहा. मला एवढंच माहीत आहे की, मागितलेलं न मिळणं म्हणजे विश्वासात खोट असणं नव्हे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः मागितलं होतं, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळून जावो. जमिनीवर पालथं पडून, पुन्हा पुन्हा मागितलं. प्याला टळला नाही. त्याच्या विश्वासात खोट होती असं कोण म्हणेल? आणि नीट बघा, “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” हे त्यानं आधी म्हटलं नाही. आधी आपली इच्छा बापाला सरळ सांगितली, घाम रक्तासारखा गळेपर्यंत सांगितली. आम्हाला वाटतं, शरण जायचं म्हणजे इच्छा मारायची, रडायचं नाही, ‘प्रभूची इच्छा’ म्हणून तोंड मिटायचं. ह्यांना माती देऊन आलो त्या संध्याकाळी मंडळीतल्या एकीनं मला रडू नका म्हटलं. मी रडले. आपल्या मित्राच्या, लाजरसाच्या, कबरेपाशी येशूही रडला होता, आणि तो तर त्याला मेलेल्यांतून उठवायलाच आला होता.

मार्काच्या नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप आहे. तो ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. येशू त्याला परत पाठवत नाही, आधी विश्वास पक्का करून ये म्हणत नाही. त्याच्या मुलाला बरं करतो. गेली काही वर्षं पहाटेची माझी प्रार्थना बहुतेक एवढीच असते. पूर्वी तास तास बसायची, नावं घेऊन, मागण्या करून. आता त्या बापाचं वाक्य म्हणते, मग गल्लीतल्या आजारी माणसांची नावं, आणि शेवटी चार्ज देते. काही दिवस सात वाजता परत मागून घेते, काही दिवस नाही.

भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत अजून. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला मी तेवढा तुकडा सोडायला सांगितला. तुमच्यापैकी ज्या घरी येतात त्या विचारतात, हे काय हो काकू? सांगते कधीतरी, म्हणते. सांगितलं.