मामांचा मोबाइल आणि बेरजेची जागा

गेल्या कापसाच्या हंगामात अमळनेरच्या एका व्यापाऱ्याला रोजचे भाव दाखवणारं पान करून दिलं. दुकानातल्या मोठ्या मॉनिटरवर एकदम झकास. पारोळ्याच्या मामांना लिंक पाठवली, तर लगेच फोन आला, "काहीच दिखी नही राहिनं बेटा, चष्मा बी लाया."

चूक माझीच. अक्षरांचा आकार मी मीडिया क्वेरींच्या, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीनुसार नियम बदलणाऱ्या अटींच्या, पायऱ्यांवर बसवला होता. मामांचा मोबाइल सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि तिथं होते फक्त १३ पिक्सेल.

मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद असेल तर अक्षर १६, ११२० असेल तर २४. रुंदी ८०० नं वाढली की अक्षर ८ नं, म्हणजे शंभराला एक. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, १ व्हीडब्ल्यू म्हणजे रुंदीचा शंभरावा भागच! ३२० ला तो ३.२ देतो, १६ व्हायला १२.८ कमी पडतात. रेम म्हणजे पानाच्या अक्षराचा मूळ आकार; १ रेम १६ पिक्सेलचा धरला तर ते ०.८ रेम. सगळ्या पायऱ्या पुसून एकच ओळ:

फॉन्ट-साइझ: क्लॅम्प(१रेम, ०.८रेम + १व्हीडब्ल्यू, १.५रेम)

पहिला आकडा हमीभावासारखा, त्याखाली जायचं नाही. मधला म्हणजे वरचा हिशेब. शेवटचा म्हणजे वरची मर्यादा. (कापसात ती कोण ठरवतं, हे मामांना विचारू नका.)

एवढं करूनही अक्षर रुंदीप्रमाणे बदलेना. दोन तास गेले. घाईत मी अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागाच सोडली नव्हती. तशी सोडली नाही की ब्राउझर "+१व्हीडब्ल्यू" हा धन चिन्हाचा आकडा समजतो. मग दोन आकडे शेजारीशेजारी, मधे क्रियाच नाही. अख्खी ओळ तो टाकून देतो आणि चकार शब्द काढत नाही. गुणाकार-भागाकाराला ही अट नाही, म्हणूनच फसायला होतं.

मामांचा फोन आला, "आते दिखस." त्यांच्या ३६० पिक्सेलवर अक्षर आता १६.४ येतं.

तक्त्याची रुंदी मात्र मिन(१००%, ४०रेम) अशी लिहिली. दोन्हींतलं कमी असेल ते लागू, म्हणजे ४० रेमच्या वर जाणार नाही. पण "जास्तीत जास्त" म्हटलं की माझा हात अजूनही आधी मॅक्सकडेच जातो, आणि तो तर दोन्हींतलं जास्त निवडतो.