नववी ‘ब’च्या वर्गात वाचलेलं पत्र

आमच्या नववी ‘ब’ला नागरिकशास्त्राचा तास आठवड्यातून दोनदा असायचा, तोही जेवणाच्या सुटीनंतर. झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू असला की त्या तासाला अर्धा वर्ग पेंगायचा, कारण आदल्या रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक पहाटेपर्यंत पाहिलेलं असे. १९८० सालचा फेब्रुवारी होता. बाई आत आल्या आणि पुस्तक न उघडता त्यांनी पिशवीतून काही कागद काढले. नागपूरहून आणलेली एक सायक्लोस्टाइल केलेली इंग्रजी प्रत, आणि तिच्याबरोबर वहीची तीन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. ‘चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘मी ते रात्री मराठीत उतरवलं. आजचा धडा हाच.’

पोलिसांवरच्या बलात्काराच्या ज्या खटल्याबद्दल ते पत्र होतं, त्यातलं पोलीस ठाणं आमच्या बाजाराच्या वाटेवरचं. देसाईगंज. घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची, म्हणजे मी तेव्हा पहिलीत. त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. खटला देशभर तिच्याच नावाने ओळखला जातो हे खरं. पण पीडितेची ओळख उघड करायला मनाई करणारं कलम या प्रकरणानंतरच, १९८३ साली आलं, आणि बाईंनी तर त्याच्या तीन वर्षं आधीही वर्गात तिला ‘ती मुलगी’ एवढंच म्हटलं होतं.

आईवडील नसलेली, मजुरी करणारी आदिवासी मुलगी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. भावाने तक्रार दिली म्हणून तिला आणि इतरांना ठाण्यात बोलावलेलं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं, दार लागलं. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपी असलेल्या दोघाही पोलिसांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली ते उलटवलं. एकाला ५ वर्षं आणि दुसऱ्याला १ वर्ष सक्तमजुरी दिली. भीतीपोटी हतबल होऊन देह स्वाधीन करणं ही संमती नव्हे, हे खंडपीठाने ओळखलं होतं. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा जे झालं ते शांतपणे झालं, असा त्या निकालाचा सूर होता.

बाई इथवर आल्या आणि थांबल्या. मागच्या बाकावरून त्यांनी मला उभं केलं.

‘गृहपाठ केला नाही म्हणून सर छडी उगारतात, तेव्हा तू काय करतोस?’

‘हात पुढे करतो.’

‘ओरडतोस?’

‘नाही.’

‘पळून जातोस?’

‘नाही, बाई.’

‘मग मार खायला तुझी संमती होती म्हणायची?’

मी गप्प. ‘काहून रे, बोल ना.’

‘संमती नाही, बाई. नाइलाज.’

त्यांनी फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले: संमती, नाइलाज. मधे एक उभी रेघ मारली. ‘आणि तू तर शाळेत आहेस, दिवसाढवळ्या, चाळीस पोरांसमोर,’ त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वर्गात कोणी पेंगत नव्हतं.

मग त्यांनी पत्र वाचलं. तारीख १६ सप्टेंबर १९७९, निकालाला एक वर्ष उलटून एक दिवस. सह्या चौघांच्या: दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, आणि पुणे विद्यापीठाच्या वसुधा धागमवार. ज्यांना पत्र लिहिलं ते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, तेही पुण्याचेच. पत्राचा गाभा बाईंनी फळ्यावर आधीच लिहून ठेवला होता. संमती दिली की माणूस स्वाधीन होतो, पण स्वाधीन झाला म्हणजे त्याने संमती दिली असं होत नाही. पुराव्यातून फक्त स्वाधीन होणं सिद्ध झालंय, संमती नाही. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या पोरीने यशस्वीपणे हाका मारून मदत मिळवावी, अशी न्यायालयाची अपेक्षा आहे का, असा प्रश्न त्यांनी सरळ विचारला होता. तिचं वय, तिची गरिबी, कायद्याचं अज्ञान, खाकीची भीती, यातल्या कशाचाच विचार निकालात का नाही? आणि याच न्यायालयाने निकालाच्याच वर्षी, १९७८ साली, ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणं चूक ठरवलं होतं, मग इथे त्याबद्दल एक अक्षरही का नाही? शेवटी विनंती होती ती खटला मोठ्या पीठापुढे पुन्हा ऐकण्याची.

मला तेव्हा जे उमगलं नव्हतं ते आता कळतं. त्या पत्रात एकही शिवी नाही, न्यायमूर्तींच्या हेतूवर शिंतोडा नाही. निकालातलं एकेक विधान उचललंय, बलात्काराची व्याख्या करणारं तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३७५ शेजारी ठेवलंय आणि दोन्ही जुळत नाहीत हे दाखवलंय. बाईंचा वर्गातला नियमही तोच होता: आधी निकाल वाचा, मग त्यावर बोला. आज निकाल लागल्याच्या दहाव्या मिनिटाला दोन्ही बाजूंनी गलका सुरू होतो तेव्हा मला त्या तिघा प्राध्यापकांची आणि धागमवार बाईंची फार आठवण येते.

एका पालकाची तक्रार गेली, मुलींच्या देखत असलं काय शिकवता म्हणून. पुढच्या तासाला हेडसर स्वतः येऊन माझ्याच बाकावर बसले. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाई, यात न्यायालयाचा अवमान होत नाही ना?’ बाई म्हणाल्या, ‘सर, पत्र सरन्यायाधीशांनाच लिहिलंय. लपून काही नाही.’ त्यांच्या उत्तराला कायद्याचाही आधार होता, हे मला लॉ कॉलेजात कळलं. केरळचे मुख्यमंत्री असताना न्यायव्यवस्थेवर केलेल्या टीकेवरून नंबुद्रिपाद यांच्यावर आलेला अवमानाचा ठपका १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता, दंड तेवढा ५० रुपयांवर आणला. पण १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की, निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर प्रामाणिक टीका करणं हा अवमान नाही. ते कलम वाचताना मला हेडसरांचा चेहरा दिसत होता. त्याच वर्षी फौजदारी प्रक्रियेचं जाड पुस्तक हातात आलं, लेखक आर. व्ही. केळकर. पत्रावरची तिसरी सही त्यांचीच. मी ते पुस्तक कपाळाला लावलं होतं.

८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. फेरविचार काही झाला नाही. कायदा मात्र हलला. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली आणि पुरावा कायद्यात ११४अ आलं: अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालायचं. २०१३ साली आणखी एक वाक्य आलं, केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानायचं नाही. फळ्यावरची ती उभी रेघ कायद्यात यायला तेहतीस वर्षं लागली. आणि त्या मुलीच्या चारित्र्याबद्दल ज्या वैद्यकीय तपासणीवरून बोललं गेलं, ती ‘दोन बोटांची’ तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरावं असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं. त्या पीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, ज्यांना पत्र लिहिलं गेलं त्यांचे चिरंजीव.

त्या मुलीला यातलं काहीच मिळालं नाही. नवा कायदा जुन्या खटल्याला लागत नाही. मी तालुक्याच्या न्यायालयात इतकी वर्षं वकिली करतो, आणि एखाद्या साक्षीदार बाईला ‘तुम्ही ओरडला का नाहीत?’ असा उलटतपास सुरू झाला की अजूनही माझा उजवा हात आपोआप मिटतो.

बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या मुलीने ती वहीची तीन पानं मला पाठवली, घड्यांवर विरलेली, पण अक्षर स्वच्छ. ती मी लॅमिनेट करून शाळेच्या ग्रंथालयात देतो आहे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय: ‘नववी ब. सावकाश वाचणे. मुलींच्या बाजूला उभं राहून.’