बोस्टनची भरती आणि शाकंभरी पौर्णिमा

3 जानेवारी 2018. त्या दिवशी महाराष्ट्र बंद होता, म्हणून रात्रपाळी असूनही मी दुपारीच स्कूटी काढली आणि आतल्या रस्त्यांनी नागपूरचं मिहान गाठलं. आमची कंपनी अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी हवामानाची बुलेटिनं तयार करते. बोस्टनच्या बंदराजवळ गोदाम असलेला एक ग्राहक माझ्याकडे होता. मी उमरेडचा. समुद्र पाहिलाय तो दोनदा, तोही सहलीत.

संध्याकाळी पहिली नजर टाकली ती फ्लोरिडावर. टॅलाहासीत बर्फ पडला होता. तिथं मोजण्याइतका बर्फ 1989 नंतर पहिल्यांदाच पडत होता. त्याच भागाच्या पूर्वेला समुद्रावर एक कमी दाबाचं क्षेत्र आकार घेत होतं. संगणकावरचं हवामानाचं मॉडेल सांगत होतं की, हे क्षेत्र किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकेल आणि एका दिवसात त्याच्या केंद्रातला दाब 950 मिलिबारच्या आसपास उतरेल. मी नकाशा बंद करून परत उघडला. मग दुसरं मॉडेल पाहिलं. तेही तेच म्हणत होतं.

अशा वादळाला हवामानशास्त्रात ‘बॉम्ब’ म्हणतात. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी 1980 साली त्याचा निकष मांडला: 60 अंश अक्षांशावर 24 तासांत 24 मिलिबारची घट. विषुववृत्ताकडे येऊ तसा हा आकडा कमी होतो. बोस्टन 42 अंशांवर आहे, तिथं साडेअठरा पुरे. इथं त्याच्या तिप्पट घट दिसत होती.

हा दाब एवढा पडतो कसा, हे मला आमच्या सरांनी पूर्वी कूलरवरून समजावलं होतं. उन्हाळ्यात कूलर लावला की माय खिडकी उघडी ठेवायला सांगते, कारण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. वादळात खालून वारे केंद्राकडे हवा आणत असतात आणि वर, नऊ-दहा किलोमीटरवर, जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, ती पांगवत असतो. वरची वाट खालच्या येण्यापेक्षा मोठी झाली की हवेचा स्तंभ हलका होत जातो आणि दाब कोसळतो. त्या दिवशी जमिनीवर ध्रुवाकडून उतरलेली बोचरी हवा होती, शेजारीच गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाचं कोमट पाणी होतं आणि वरून जेट प्रवाहाचा खोल बाक नेमका त्या सीमेवर येत होता. बाष्पाचं पाणी-बर्फ होताना सुटणारी उष्णता त्यात आणखी भर घालत होती. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ मुख्यतः गरम समुद्रावर जगतं. हे वादळ गरम आणि थंड हवेतल्या फरकावर जगतं. आपल्याकडे हिवाळ्यात ज्या पश्चिमी विक्षोभांमुळे काटोलच्या संत्राबागांवर गारा पडतात, तेही याच कुळातले.

रात्री साडेदहाला मी मसुदा सरांपुढे ठेवला. वारा, बर्फ, दाब, दिसण्याचं अंतर, सगळं होतं. त्यांनी दोनदा वाचला.

“पौर्णिमा कधी होती रे?”

“काल, सर. आईनं शाकंभरीचा नैवेद्य केला होता.”

“अन् मग भरती कुठं आहे यात?”

मी गप्प झालो. भरती मसुद्यात नव्हतीच. गोदाम बंदराला लागून आणि मी बर्फाच्या इंचांत अडकलेला. कालचा चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ आलेला होता. पौर्णिमेची उधाणाची भरती पुढचे दोन-तीन दिवस टिकते, एवढंसुद्धा मी विचारात घेतलं नव्हतं. बोस्टनला भरती साधारण दहा फुटांची असते. त्या दिवशी वादळ नसतं तरी ती बाराच्या घरात जाणार होती.

सर खुर्ची ओढून बसले. “आता वारा पहाय. उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरते. केंद्र बोस्टनच्या आग्नेयेला असताना बोस्टनला वारा कुठून?”

“ईशान्येकडून. समुद्रावरून.”

“म्हणजे पाणी किनाऱ्याकडे रेटणार. वरून दाब एक मिलिबार उतरला की पाणी जवळपास एक सेंटिमीटर चढते. मला आकडा नको, वेळ पाहिजे. भरती कधी अन् हा वारा कधी?”

दोन्ही वेळा कागदावर एकाखाली एक लिहिल्या. 4 तारखेची दुपार. दोन्ही जुळत होत्या. ओहोटीला हेच वादळ आलं असतं, तर पाणी बंदराच्या भिंतीखालीच राहिलं असतं. बुलेटिनची पहिली ओळ बदलली: उद्या दुपारच्या भरतीला बंदरालगतच्या रस्त्यांवर पाणी येण्याची दाट शक्यता, तळमजल्यावरचा माल हलवावा. पहाटे उत्तर आलं की हलवतोय.

दुसऱ्या रात्री पाळी माझीच होती. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी. अकरा वाजून गेले तेव्हा तिथं दुपार होती. भरतीमापकाची रेषा अंदाजाच्या रेषेवरून वर निघाली आणि चढतच गेली. साधारण 15.1 फूट. 1921 पासूनच्या नोंदींत इतकी उंच भरती नव्हती, फेब्रुवारी 1978 च्या हिमवादळातलीही हिच्यापुढे किंचित मागे पडली. थोड्याच वेळात दृश्यं आली: रस्त्यांवर बर्फाळ पाणी, त्यात तरंगत चाललेले मोठे कचऱ्याचे डबे, ॲक्वेरियम मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून उतरणारं पाणी. दाबाची घट 24 तासांत 59 मिलिबार मोजली गेली. तोच आकडा दिवसभर सगळ्यांच्या तोंडी होता. पण माणसांच्या दारात पाणी आणलं ते त्या जुळलेल्या तासानं.

ग्राहकाचा फोन आला. माल कोरडा होता. त्याचा प्रश्न पुढच्या भरतीचा होता, बारा तासांनंतरच्या. मी नकाशा पाहिला. केंद्र कॅनडाकडे सरकत होतं, वारा वळून वायव्येकडून येणार होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. सांगितलं, पाणी एवढं चढणार नाही.

सकाळी घरी गेलो आणि आईच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उतरवून पुढची पौर्णिमा पाहिली. 31 जानेवारी. डायरीत लिहून घेतली. त्याखाली वर्षभराच्या सगळ्या पौर्णिमा आणि अमावास्या.