तुम्ही विचारलंत म्हणून: दांड्या फुल असून आवाज का येत नाही

मुंजीत विचारतात, तेराव्याला विचारतात, शेवउसळच्या गाडीवर माझे दोन्ही हात बरबटलेले असताना विचारतात. "तुम्ही नेटवर्कमध्ये ना? मग आमच्या घरी दांड्या फुल असून आवाज का येत नाही हो?" आणि डॉक्टरला जीभ दाखवावी तसा फोन माझ्यापुढे धरतात. इतकी वर्षं मी "बघतो हं, टीमला सांगतो" म्हणून सुटत आलोय. टीमला मी काही सांगत नाही, कारण टीम म्हणजे मीच.

तर आता एकदाचं लिहून टाकतो.

दांड्यांचं आधी उरकू. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या असा कुठलाही नियम नाही, फोन बनवणारा आपापलं ठरवतो, म्हणून एकाच सोफ्यावर बसलेल्या नवरा-बायकोकडे एकाच कंपनीचं सिम असून तिच्याकडे चार नि त्याच्याकडे दोन दिसतात आणि भांडण माझ्याकडे येतं. आम्ही मोजतो ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, तेही वजा. वजा ७५ म्हणजे छान, वजा १०५ म्हणजे घरघर लागली. फरक नुसता ३० चा दिसतो, पण दर दहाला ताकद दहा पटीनं पडते, म्हणजे उरतो हजारावा हिस्सा. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती यातलं बरंचसं काम फुकटात करून देतात.

पण खरी गोम ती नाही. सिग्नल किती मोठा आहे ते दांडी सांगते, किती स्वच्छ आहे ते सांगत नाही. नवरात्रात गरब्याच्या मैदानात शेजारचा तुमच्या कानाशी ओरडतो, आवाज भरपूर येतो, शब्द एक कळत नाही, तसं. आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, तर आख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर. लोकांना वाटतं उंचावर नेटवर्क झकास असणार. उलट आहे. खाली रस्त्यावर मधल्या इमारती लांबचे टॉवर अडवतात आणि ते आमच्या फायद्याचंच असतं, गच्चीवर मात्र फोनला मांजलपूरपासून कारेलीबागेपर्यंतचे सगळे एकदम दिसायला लागतात आणि सगळेच बोलत असतात. दांड्या फुल, नेट गोगलगाय. त्यात सगळ्यांना त्याच मिनिटाला 'काप्यो छे'चा, म्हणजे पतंग कापल्याचा, व्हिडिओ पाठवायचा असतो.

आणि हो, विचारणाऱ्यांतले निम्मे असे असतात ज्यांनी स्वतःच्या सोसायटीतला टॉवर सह्या गोळा करून काढायला लावलाय. रेडिएशन म्हणे. २०१२ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट, हे मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंय, एका काकांनी "तुमचा पगार कोण देतं ते सांगा आधी" म्हणून बसवलं. टॉवर गेला, मग तेच काका मला लग्नात गाठून म्हणाले, घरात रेंज येत नाही.

चिडलोय हे मला कळतंय. पण चिडण्याचा मला किती हक्क आहे तेच सांगायला बसलोय.

या धंद्यात शून्य कुणीच धरत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगनं १९१७ मध्ये गणित मांडलं की इतकी माणसं फोन करणार असतील आणि इतक्या लाइनी असतील तर शंभरातल्या किती जणांना एंगेज मिळेल. म्हणजे काही जणांना मिळणारच, किती चालवून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. तो कॉल लागण्याचा हिशेब झाला. लागलेला तुटण्याचा आपल्याकडचा आकडा वर्षानुवर्षं दोन टक्के. शंभरात दोन तुटले तरी आम्ही पास. मला हे कधी चुकीचं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की तुटला कशाला म्हणायचं.

२०१३ चा पावसाळा. बहुतेकांचं बोलणं तेव्हा टूजीवरच चालायचं. रावपुऱ्यातल्या एका सोसायटीनं असाच टॉवर काढायला लावला आणि तिथे नेटवर्कला भोक पडलं. नवी जागा मिळेना. मग आम्ही पलीकडच्या एका टॉवरवर रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा माणूस, चढवला आणि अँटेना थोडा वर उचलला, टिल्ट सहा डिग्री होता तो दोन केला. खाली झुकलेला अँटेना पायाखालचं बघतो, वर केला की लांबचं. रावपुऱ्याचं भोक बुजलं, पण सिग्नल तिथे थांबला नाही, पुढे दांडिया बाजारात घुसला, आणि तिथे नेमकी तीच फ्रिक्वेन्सी वापरणारा दुसरा सेल. सेल म्हणजे एका अँटेनाच्या वाट्याचा भाग. टूजीत फ्रिक्वेन्सी मोजक्याच, थोड्या थोड्या अंतरावर त्याच परत वापराव्या लागतात, म्हणून तर टिल्ट जपून करायचा असतो. सिग्नल दणदणीत, क्वालिटी सात. ही क्वालिटी शून्य ते सात अशी मोजतात आणि शून्य सगळ्यात चांगली. सात म्हणजे शंभरातले १२.८ पेक्षा जास्त बिट चुकीचे. दांड्या? फुल. दुसऱ्याचा गोंगाटही फोन त्याच दांड्यांत मोजतो.

महिनाअखेर आली आणि दांडिया बाजारचा तो सेल रिपोर्टात लाल. ड्रॉप, म्हणजे तुटलेले कॉल, तीन टक्क्यांच्या वर. नीट करायचं तर फ्रिक्वेन्सी बदलायची, एक बदलली की आजूबाजूच्या दहा हलतात, आठवडा जाणार. टिल्ट परत खाली केला तर रावपुऱ्याचं भोक परत उघडणार. आणि रिव्ह्यू गुरुवारी.

तेव्हा मी आरएलटी वाढवला. म्हणजे रेडिओ लिंक टाइमआउट. कॉल चालू असताना फोन आणि टॉवर दर ४८० मिलिसेकंदांनी एकमेकांना एक चिठ्ठी पाठवत असतात. चिठ्ठी वाचता आली नाही की काउंटरमधून एक वजा, वाचता आली की दोन जमा, काउंटर शून्यावर आला की सिस्टिम म्हणते लिंक गेली, आणि कॉल ड्रॉपमध्ये एक धरला जातो. हा काउंटर कितीपासून सुरू करायचा ते आम्ही ठरवतो, ४ पासून ६४ पर्यंत. आमचा २० होता, म्हणजे साडेनऊ सेकंद. मी ६४ केला. जवळजवळ ३१ सेकंद.

आता सांगा, समोरून काहीच ऐकू येत नसताना ३१ सेकंद हॅलो हॅलो कोण करतं? आठ-दहा सेकंदांत माणूस वैतागतो आणि स्वतःच फोन ठेवतो. आणि ठेवला की सिस्टिमच्या लेखी गिऱ्हाइकाचं बोलणं आटोपलं, कॉल सुरळीत संपला. एका ओळीची कमांड. दुसऱ्या दिवशी सेल हिरवा.

गुरुवारी मी रिव्ह्यूत बसलेलो आणि काकूचा फोन आला. स्क्रीनवर तेव्हा तोच सेल होता असं लिहिलं तर गोष्ट छान जमेल, पण नव्हता, वाघोडिया रोडचं काहीतरी चाललं होतं. मी बाहेर येऊन उचलला. विहिरीत पितळी भांडं आपटल्यासारखा आवाज, बाकी काही नाही. मी ठेवला. परत आला. "हॅलो काकू, बोल. काकू?" काही नाही, तिनं ठेवला. तिसरा आला, मी दोन-तीन सेकंद ऐकून कापला. चौथा मी उचलून नुसता कानाशी धरून उभा राहिलो, तिनंच ठेवला. आत येऊन शेजारच्याला हळूच म्हणालो, आमच्या काकूचं बोट कुठेतरी लागतं नि फोन लागतो. तो हसला. मी पण.

तिकडे दांडिया बाजारात काका मोरीत घसरून पडले होते. खुब्याचं हाड. घरी ती एकटी, बाहेर पाऊस, खालचे शेजारी कामावर. १०८ ला पण फोन लागला होता म्हणे, पण तिकडच्या बाईला पत्ताच ऐकू जाईना. लँडलाइन नव्हती, कारण दोन वर्षांपूर्वी ती काढायला मीच लावली होती, "काकू, आता मोबाईल आहे ना, उगाच भाडं कशाला भरायचं." दीड तासानं खालचे कुणीतरी आले तेव्हा काकांना उचललं.

दवाखान्यात काकू रडली नाही, चिडलीही नाही, नुसतं विचारलं. "तू उचललास ना रे? टिंग वाजायचं थांबलं तेव्हा मला कळलं तू उचललास. मग बोलला का नाहीस?"

रात्री ऑफिसला जाऊन मी त्या सेलचे त्या तासाचे आकडे काढले. ड्रॉप शून्य. काकूचे चार आणि १०८ चा एक, पाचही कॉल पास.

तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. "पावसामुळे नेटवर्क खराब होतं" असं सांगितलं. पावसाचा या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ काही फरक पडत नाही.

पुढच्या आठवड्यात फ्रिक्वेन्सी बदलली, टिल्ट चारवर आणला, क्वालिटी सुधारली. आरएलटी मी परत २० केला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही केला, ३२ ठेवला. कारण तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो आणि त्याचा मुद्दा अगदीच फालतू नाही. तो म्हणतो, आरएलटी मोठा ठेवणं म्हणजे लबाडीच असते असं कुणी सांगितलं? अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यातून, गाडी जाते, सिग्नल पाच-दहा सेकंद जातो, बाहेर पडला की परत येतो. काउंटर लहान असेल तर कॉल तिथेच मेला, मोठा असेल तर माणूस "हं, बोल" म्हणून पुढे बोलतो. खरं आहे. मी त्याला म्हणतो, तू गरनाळ्यासाठी केलं होतंस का? यावर तो गप्प बसतो. मग परत म्हणतो, बरं, २० असता तर काय झालं असतं? कॉल साडेनऊ सेकंदांनी तुटला असता, काकूला आवाज तेव्हाही ऐकू गेला नसताच. हेही खरं. फक्त सेल लाल राहिला असता आणि कुणाची तरी झोप उडाली असती. माझीच बहुतेक. की मी दुसरं काही शोधून काढलं असतं, कोण जाणे.

पुढचं पेपरांत आलेलंच आहे. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ठरवलं की १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. त्याच वर्षी कंपन्या आरएलटीनं ड्रॉप झाकतात म्हणून बोंब झाली, तेव्हा ऑफिसात सगळे "बघा कसले लोक असतात" म्हणत होते आणि मी चहा आणायला गेलो. २०१७ मध्ये सरासरी सोडून ९० टक्के सेल ९० टक्के दिवस दोन टक्क्यांच्या आत आहेत का असं बघायला लागले, म्हणजे चांगल्या सेलच्या पदराआड वाईट सेल लपवणं अवघड झालं. २०१८ मध्ये व्होल्टीसाठी, म्हणजे फोरजीवरून होणाऱ्या कॉलसाठी, आवाजाची पॅकेटं किती गळतात ते मोजायला सुरुवात झाली, कॉल चालू पण आवाज नाही हे पहिल्यांदा कुठेतरी आकड्यात आलं. पाच वर्षं उशीर, माझ्या हिशेबानं. २०२४ च्या नव्या नियमांनी माप आणखी आवळलंय, आणि मी त्याच्या बाजूनं बोलतो तेव्हा ज्युनियर पोरं मला सरकारी म्हणतात.

गेल्या रविवारी परत एकानं विचारलं, गोत्रीला राहतात, दांड्या फुल, आवाज नाही. नेहमीचं "बघतो हं" तोंडापर्यंत आलं होतं. मी विचारलं, आवाज गेला की फोन आपोआप तुटतो की तुम्ही ठेवता? "मीच ठेवतो, अजून काय करणार." म्हटलं, ठेवू नका, आपोआप तुटू द्या, म्हणजे तो मोजला जाईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच हसू आलं. "एवढा वेळ कुणाला आहे हो?"

बिल्डिंगचं नाव लिहून घेतलंय. मंगळवारी ड्राइव्ह टेस्टची, म्हणजे फिरत फिरत सिग्नल मोजणारी, गाडी तिकडे पाठवतोय. गाडी रस्त्यावरून जाणार, त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, मागच्या बाजूला.