तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या सर्व्हरसाठी कुठला व्हीपीएन?

माझा सर्व्हर नाशिकला आईबाबांकडे आणि मी पुण्यात, त्यामुळे "बाहेरून कसं जोडतोस, कुठला व्हीपीएन?" असं बरेच जण विचारतात. (व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणारी एन्क्रिप्टेड खाजगी वाट.) माझं म्हणणं, सॉफ्टवेअर नंतर, आधी राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला निघाला तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) कंपनीने अनेक घरांत वाटलेला, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून आलेलं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मी यात दोन रविवार घालवले, कॉन्फिग पुन्हापुन्हा तपासत बसलो आणि चूक तिथे नव्हतीच.

पब्लिक आयपी असेल तर सरळ वायरगार्ड हा व्हीपीएन. २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, राउटरमध्ये एक यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) पोर्ट उघडायचा, सहसा ५१८२०, दोन्हीकडच्या एन्क्रिप्शनच्या कीज टाकायच्या की झालं. ओळखीची की नसेल त्याला तो उत्तरच देत नाही, पोर्ट स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ओपनव्हीपीएन मी फक्त यूडीपी अडवलेल्या नेटवर्कसाठी ठेवलाय, टीसीपी ४४३ वर, म्हणजे वेबसाइट्स वापरतात त्याच पोर्टवर.

सीजीनॅट असेल तर टेलस्केल ही सेवा. आतून वायरगार्डच, पण दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर जोडणी करतात म्हणून पोर्ट उघडावा लागत नाही, थेट जमलं नाही तर रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातं, एन्क्रिप्टेडच, फक्त जरा स्लो. कुठलं डिव्हाइस आत घ्यायचं हे मात्र त्यांचा सर्व्हर सांभाळतो, ते नको असेल तर भाड्याच्या छोट्या व्हीपीएसवर (पब्लिक आयपी असलेल्या क्लाउड सर्व्हरवर) हेडस्केल, म्हणजे त्यांच्या सर्व्हरचा स्वतः चालवायचा पर्याय, चालवा. किंवा तिथे साधा वायरगार्ड टाका आणि घरच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांत राहिलं की नॅटमधली (आयपी वाटून देणाऱ्या यंत्रणेतली) वाट बंद होते.

अजून एक, घरच्या नेटवर्कची आयपी रेंज १९२.१६८.१ ठेवू नका. हॉटेलात, मित्राकडे तीच असते, मग फोन तुमचा सर्व्हर तिथल्याच वायफायवर शोधत बसतो. १०.४७.१२ असं काहीतरी घ्या, आणि हा बदल घरी असतानाच करा. मी पुण्यातून राउटरची रेंज बदलली, सर्व्हरला जुना स्टॅटिक (हाताने कायमचा ठरवलेला) आयपी तसाच होता, सगळं तुटलं. बाबांनी टीव्हीला सर्व्हर जोडला, कीबोर्ड लावला आणि मी फोनवर सांगेन ते एकेक अक्षर टाइप केलं, दीड तास, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवत.